देऊळ गेले, मूर्ती उरली : मेहकर ते सिंदखेडराजा

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर गावात १८८८ साली जमीन खणताना विष्णूची एक मूर्ती सापडली. काळ्या पाषाणाची, चार हातांची, सरळ उभी आणि सुमारे ११ फूट उंच. शारंगधर बालाजी या नावाने आज तिची पूजा होते आणि विदर्भ-मराठवाड्यातून लोक तिच्या दर्शनाला येतात. ज्या देवळासाठी ती घडवली गेली, ते देऊळ मात्र तोवर नाहीसे झाले होते. आजचे मंदिर मूर्ती सापडल्यानंतरचे आहे.

१८८८ नंतर १३६ वर्षांनी, जून २०२४ मध्ये, याच जिल्ह्यातील सिंदखेडराजा येथे शेषशायी विष्णूची मूर्ती मातीतून बाहेर आली. तिचेही देऊळ जमिनीवर उरलेले नव्हते, पण त्याचा सभामंडप तिच्याभोवतीच मातीखाली होता. या दोन गावांच्या मध्ये लोणार येते. तिथे दैत्यसूदन विष्णूचे देऊळ उभे आहे आणि त्याची मूळ मूर्ती गेली आहे. पडलेल्या देवळांचा इतिहास कसा वाचावा आणि तो कसा हातचा जातो, हे समजून घ्यायला या एका जिल्ह्यातली ही तीन गावे पुरेशी आहेत.

मेहकर पैनगंगेच्या काठी वसले आहे. गावाचे जुने नाव मेघंकर. मत्स्यपुराणात श्राद्धाला योग्य अशा तीर्थांची जी यादी आहे, तिच्यात हे तीर्थ येते आणि तिथला देव शार्ङ्गधर विष्णू असल्याचेही तिथेच नोंदलेले आहे. पद्मपुराणातील गीतामाहात्म्यात अकराव्या अध्यायाची कथा मेघंकर नगरात घडते. त्या कथेत नदीचे नाव प्रणीता आहे. पैनगंगा पुढे वर्धेला मिळते आणि वर्धा-वैनगंगेचा संगम झाल्यावर त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात, हे ध्यानात घेतले की कथेचा भूगोल फार दूरचा वाटत नाही. मेघंकर नावाच्या दैत्याला शारंगधराने मारले आणि त्याचेच नाव गावाला मिळाले, अशी स्थानिक आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. जमिनीतून मूर्ती निघण्याच्या कितीतरी शतके आधी ग्रंथांत या गावाचा देव शार्ङ्गधर म्हणूनच ओळखला जात होता.

ग्रंथांच्या जोडीला महानुभाव पंथाचे साहित्य आहे. तेराव्या शतकात पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी वऱ्हाड आणि मराठवाड्यात सतत फिरत होते, आणि लीळाचरित्रात लोणार व मेहकर या दोन्ही गावांचे उल्लेख येतात. स्वामी जिथे जिथे राहिले, बसले, जेवले, त्या जागांची नोंद पुढे स्थानपोथीत झाली. या पोथीचे मोल पंथाबाहेरच्या अभ्यासकालाही फार मोठे आहे. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून होते, त्याच्या उत्तरेला काय होते, ओटा कुठे होता, मठ कुठे होता, हे ती ठायीठायी सांगते. ज्या गावांतली मध्ययुगीन देवळे आज भुईसपाट आहेत, त्यांचा नकाशा काही वेळा या पोथीतच सापडतो. भक्तांनी हे श्रद्धेपोटी केले, पण जागेची खूण नेमकी ठेवावी ही त्यांची शिस्त पुरातत्त्वाला शोभणारी आहे.

ही देवळे कोणत्या काळातली? बुलढाणा जिल्ह्यात लोणार, मेहकर, सातगाव भुसारी, कोथळी, धोत्रा, साकेगाव अशा अनेक गावांत बाराव्या-तेराव्या शतकातल्या बांधकामांचे अवशेष आहेत. लोक त्यांना सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. महादेवाची कारकीर्द १२६० पासूनची आणि रामचंद्राची १२७१ पासूनची, तर हेमाडपंती म्हणून दाखवली जाणारी पुष्कळ देवळे त्याआधीच बांधून झाली होती. नाव एका माणसाचे असले तरी पद्धत दख्खनच्या पाथरवटांची होती, आणि ती कित्येक पिढ्या चालत आली होती.

त्या पद्धतीचा एक विशेष देवळांच्या नाशाशी थेट जोडलेला आहे. चुन्याचा वापर न करता, घडवलेले दगड एकमेकांत खाचा करून बसवायचे आणि वरच्या भाराने ते जागच्या जागी धरून ठेवायचे, अशी ही रचना. खांब, तुळया, छताच्या शिळा या सगळ्यांचा तोल एकमेकांवर अवलंबून. असे बांधकाम न हलता सात-आठशे वर्षे उभे राहू शकते. पण एखादा खांब सरकला, पिंपळाचे मूळ सांध्यात शिरले किंवा पाया खचला, की एकेक दगड सुटा होतो. सुट्या दगडाला चुना चिकटलेला नसतो आणि तो आधीच तासलेला, चौकोनी असतो. गावाला वेस बांधायची असेल, विहीर बांधून काढायची असेल, नदीला घाट हवा असेल, तर यापेक्षा सोयीचा दगड कुठे मिळणार? विदर्भ-मराठवाड्यातल्या वेशींत, पारांत आणि जुन्या वाड्यांच्या जोत्यांत नक्षीदार खांबांचे तुकडे दिसतात ते यामुळे. देऊळ पाडणारा हात एक वेळ परक्या सैन्याचा असेल, पण पडलेल्या देवळाचे दगड वाहून नेणारे हात गावातलेच होते.

राजकीय उलथापालथही मोठी होती. १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीची देवगिरीवर स्वारी झाली आणि चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात यादवांचे राज्य संपले. त्यानंतर वऱ्हाड बहमनी सुलतानांकडे, मग इमादशाहीकडे, १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीकडे आणि १५९६ मध्ये मोगलांकडे गेले. ऐन-ए-अकबरीत मेहकर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून नोंदलेले आहे, म्हणजे गाव प्रशासनाचे ठाणे होते. सैन्याच्या वाटेवरचेही होते. नागपूरकर भोसल्यांवरील मोहिमेत १७६९ मध्ये माधवराव पेशव्यांचा आणि १८१७ मध्ये जनरल डव्हटनचा तळ मेहकरला पडला होता. ज्या गावातून शतकानुशतके लष्करे गेली, तिथे देवळाची निगा राखणारे घराणे, त्याचे वतन आणि त्याचा वार्षिक खर्च यांत खंड पडणे अटळ होते. निगा थांबली की पडझड आपोआप सुरू होते.

मेहकरला यादवकाळातले दुसरे एक बांधकाम मात्र टिकले. ती आहे गावालगतची हेमाडपंती धर्मशाळा. मधे उघडा चौक, भोवती ओळीने उभे दगडी खांब आणि त्यांवर तोललेले छत. शारंगधराच्या देवळाची बांधणी कशी असेल याची कल्पना आज या धर्मशाळेवरूनच करावी लागते. गावाची दुसरी ओळख म्हणजे कंचनीचा महाल. एका नर्तकीची आख्यायिका या पडक्या वास्तूशी जोडलेली आहे. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी तिला आपल्या कवितेत जागा दिली. महालाला कवी मिळाला. शारंगधराच्या पडलेल्या देवळाला तो मिळाला नाही, आणि वर्णन करणारा अभ्यासकही वेळेवर मिळाला नाही.

१८८८ चा शोध योजून केलेल्या उत्खननातून लागलेला नव्हता. मूर्ती लाकडी पेटीत ठेवलेली होती आणि तिच्यासोबत एक ताम्रपट व दागिने निघाले, असे गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. पेटीची ही परंपरा महत्त्वाची आहे. देवळाबरोबर कोसळलेल्या मूर्तीचे हात, नाक, प्रभावळ यांपैकी काहीतरी फुटतेच. मेहकरची मूर्ती पूजेला योग्य अशा अवस्थेत मिळाली. यावरून ती पडलेली नसून कुणीतरी काळजीपूर्वक पुरलेली होती, असे मानणेच सयुक्तिक आहे. शेजारच्या वाशीमच्या बालाजीचीही अशीच कथा आहे. संकटकाळात मूर्ती मातीत दडवल्या, पुढे त्या सापडल्या आणि साबाजी भोसल्यांचे दिवाण भवानी काळू यांनी १७७९ मध्ये तिथले मंदिर बांधले. देव पुरून ठेवणे ही त्या काळातील भक्तांची सुरक्षेची रीत होती. ज्यांनी मूर्ती पुरल्या त्यांचा मनुष्यावर विश्वास उरला नसेल, पण मातीवर होता, आणि मातीने तो राखला.

मेहकरची मूर्ती वर आली तेव्हा वऱ्हाड नावाने निजामाचे होते, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांच्या हाती होता. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ चा निखात निधी कायदा लागू झालेला होता. जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा अधिक मोलाची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्याला कळवायचे, असे तो सांगतो. नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे लोकांचा अजबबंगला, १८६३ पासून सुरू होते. विलायतेतील संग्रहालयांची भूकही मोठी होती. इंग्रज अधिकारी मूर्ती घेऊन जाणार हे कळताच गावकऱ्यांनी घाईने तिची प्राणप्रतिष्ठा केली आणि ताम्रपट मात्र साहेबांकडे गेला, असे मेहकरात सांगतात. तपशील परंपरेचा आहे, पण त्यामागची समज पक्की आहे. प्रतिष्ठा झालेली मूर्ती ही वस्तू राहत नाही, ती देवता होते, आणि नांदत्या देवतेला उचलून नेण्याचे धाडस त्या काळचे सरकारही सहसा करत नसे. मेहकरकरांनी आपला देव गावात ठेवला, ही त्यांची मोठी कामगिरी आहे. आज ती मूर्ती एखाद्या परक्या शहरात काचेमागे असती, तर तिचे शारंगधर हे नावही फलकावर आले असते की नाही, शंका आहे.

या कामगिरीची किंमतही द्यावी लागली. मूर्ती खड्ड्यातून निघाली, पण खड्ड्याचे चित्र कुणी काढले नाही. ती किती खोलीवर होती, तोंड कोणत्या दिशेला होते, भोवती पायाचे दगड होते का, मातीचे थर कसे होते, खापरे किंवा नाणी कोणत्या थरात निघाली, हे सगळे त्याच दिवशी टिपायचे असते. त्याच काळात पुरातत्त्व सर्वेक्षणाचे अधिकारी हेन्री कझिन्स पश्चिम आणि मध्य भारतातील जुन्या वास्तू पाहत हिंडत होते. मध्य प्रांत व वऱ्हाडातील पुरावशेषांची त्यांची यादी १८९७ मध्ये आणि दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील त्यांचा सचित्र ग्रंथ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. उभ्या वास्तू त्यांनी बारकाईने मोजल्या. पण पुन्हा बुजलेला खड्डा कुणालाच मोजता येत नाही.

देऊळ जाणे आणि त्यातील पवित्र वस्तू उरणे हे फक्त आपल्याकडे घडले नाही. इंग्लंडमध्ये सोळाव्या-सतराव्या शतकांतील धर्मसुधारणेच्या आणि यादवीच्या काळात शेकडो लहान प्रार्थनागृहे बंद झाली. १५४७ च्या कायद्याने मृतांच्या आत्म्यासाठी प्रार्थना करणारी चॅपेले खालसा करण्यात आली. पुढे त्यांपैकी कित्येक इमारतींचा दगड शेतघरांत आणि कुंपणांत गेला. उरले ते बाप्तिस्म्याचे दगडी कुंड. एकसंध शिळेतून कोरलेले, जड आणि बांधकामात बसवायला गैरसोयीचे. काही कुंडे गुरांना पाणी पाजायच्या टाक्या झाल्या, काही बागांत फुलझाडांसाठी ठेवली गेली. एकोणिसाव्या शतकात हौशी पाद्री आणि इतिहासप्रेमी मंडळी ती शोधून जवळच्या चर्चमध्ये परत बसवू लागली. बाराव्या शतकातले कुंड आणि त्याभोवती कितीतरी नंतरचे चर्च, असे दृश्य तिथल्या खेड्यांत आजही दिसते. आपल्याकडच्या अभिषेकाच्या पाण्याला जशी गाभाऱ्यातून पन्हळ काढलेली असते, तसे त्या कुंडाच्या तळाला छिद्र असते, म्हणजे मंतरलेले पाणी थेट जमिनीत जिरावे. कुंड हलवले की ते छिद्र नव्या फरशीवर येते आणि जुन्या जमिनीशी असलेला धागा तुटतो.

हा धागा न्यायालयात किती मोलाचा ठरू शकतो, हे तामिळनाडूतील पाथूरच्या नटराजाने दाखवले. पाथूरचे मध्ययुगीन शिवमंदिर पडीक होते. १९७६ मध्ये तिथे एका मजुराला पुरलेली कांस्यमूर्ती सापडली. ती चोरट्या व्यापारातून लंडनला पोहोचली आणि तिथे पोलिसांनी ताब्यात घेतली. लंडनच्या न्यायालयात तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांमध्ये खुद्द ते पडके देऊळ होते. भारतीय कायदा देवतेला आणि देवस्थानाला व्यक्ती मानतो. देऊळ पडले म्हणून ती व्यक्ती मरत नाही. १९९१ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने हा हक्क मान्य केला आणि नटराज भारतात परतला. हा निकाल मिळवताना मूर्तीला चिकटलेली माती तपासली गेली आणि त्याच जागी सापडलेल्या इतर मूर्तींशी तिची तुलना झाली. मातीची साक्ष नसती तर नुसत्या श्रद्धेवर परदेशी न्यायालयात इतके साधले नसते.

लोणारला मेहकरच्या उलटे घडले. उल्काघाताने झालेल्या विवराच्या काठावरील गावात दैत्यसूदनाचे देऊळ आहे. त्याची तलविन्यासाची रेषा ताऱ्यासारखी कोनाकोनांनी पुढे-मागे जाते, आणि बाहेरच्या भिंतींवर शिल्पांच्या दाट रांगा आहेत. शिखराचा वरचा भाग विटांचा होता आणि तो अपुरा दिसतो. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखालच्या विवरात राहत असे, विष्णूने पायाच्या अंगठ्याने त्या विवराचे झाकण उडवले आणि त्याला मारले, ही स्थानिक कथा. उडालेले झाकण ढाकेफळजवळची टेकडी झाले, असेही सांगतात. मूळ मूर्ती गेली आणि सध्याची मूर्ती नागपूरकर भोसल्यांच्या काळात बसवली गेली, असे मानले जाते. तरीही हे देऊळ कुणाचे, असा प्रश्न तिथे पडत नाही, कारण मंडपाच्या छतातच दैत्याचा वध कोरलेला आहे. वास्तू जागेवर राहिली की ती गेलेल्या मूर्तीबद्दलही बोलते. एकटी मूर्ती आपल्या वास्तूबद्दल इतके सांगू शकत नाही.

आता सिंदखेडराजा. जिजाऊंचे माहेर आणि लखुजी जाधवांचे गाव म्हणून त्याची ख्याती, त्यामुळे यादवकाळातला त्याचा इतिहास मागे पडलेला. लखुजींची १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यावर हत्या झाली आणि सिंदखेडला त्यांची भव्य समाधी उभी राहिली. तिच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाचे जतनाचे काम २०२४ मध्ये चालू होते. काम करताना काही घडीव दगड दिसले. पथकाने ते उचलून बाजूला टाकले नाहीत. खणत गेल्यावर देवळाचा पाया उघडा झाला, मग राडारोड्याखाली सभामंडप मिळाला, आणि आणखी खाली आधी लक्ष्मीची आकृती आणि मग तिच्यासह पूर्ण शेषशायी विष्णू. खोली सुमारे सव्वादोन मीटर. मूर्ती १.७० मीटर लांब आणि १ मीटर उंच. शेषावर विष्णू पहुडलेला, लक्ष्मी पाय चुरते आहे आणि पटलावर समुद्रमंथनाचे दृश्य, त्यात घोडा आणि ऐरावतही ओळखू येतात.

मूर्तीचा दगड विशेष लक्ष देण्याजोगा आहे. तो क्लोराइट शिस्ट आहे, आणि बुलढाणा जिल्हा दख्खनच्या काळ्या पाषाणावर वसलेला आहे. असा दगड इथल्या डोंगरात मिळत नाही. कर्नाटकातील होयसळांची बेलूर-हळेबीडची देवळे याच जातीच्या दगडात कोरलेली आहेत. खाणीतून काढल्यावर तो मऊ असतो, त्यात दागिन्याच्या मण्यापर्यंतची कोरणी करता येते आणि हवेत राहून तो कठीण होतो. मराठवाड्यात मिळालेल्या शेषशायी मूर्ती काळ्या पाषाणाच्या आहेत. म्हणजे सिंदखेडच्या देवळासाठी एक तर दगड दुरून आणला गेला, नाही तर मूर्तीच घडवून आणली गेली. कोणतेही असो, एवढा खर्च आणि एवढा प्रवास पेलणारा धनी त्या गावाला होता. जाधवरावांच्या आधी कित्येक शतके सिंदखेड हे सधन ठिकाण होते, याचा हा दगडी पुरावा आहे.

मूर्ती कुठे ठेवायची, हा प्रश्न इथेही लगेच उभा राहिला. ती गावातच राहावी, असा गावकऱ्यांचा आग्रह होता. १८८८ च्या मेहकरकरांचा तोच आग्रह होता आणि तो न्याय्यही होता. फरक असा की सिंदखेडराजाला मूर्ती हलण्याआधी तिची जागा मोजली गेली, छायाचित्रे निघाली, मंडपाशी तिचे नाते नोंदले गेले. म्हणून ही मूर्ती उद्या कुठेही असली तरी तिचे देऊळ तिच्यापासून तोडता येणार नाही. तिच्यासाठी योग्य घर म्हणजे सिंदखेडराजातलेच एक चांगले संग्रहालय, उघड्या केलेल्या मंडपापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर. जिजाऊ जन्मोत्सवाला दर १२ जानेवारीला लाखो लोक ज्या गावात येतात, तिथे असे संग्रहालय ओस पडण्याची भीती नाही.

मेहकरच्या बाबतीतही सगळे संपलेले नाही. शारंगधराच्या मंदिराभोवतीची जमीन, जुन्या वाड्यांची जोती, नदीकाठचे घाट आणि धर्मशाळा यांची एकत्र पाहणी झाली, घडीव दगडांची मोजदाद झाली, तर मूळ देवळाचे माप आणि जागा यांचा अंदाज बांधता येईल. स्थानपोथीतील दिशादर्शन हाताशी आहेच. जुन्या घरांची जागा नव्या इमारती घेत आहेत आणि त्यांचे पाये खोल जात आहेत, म्हणून हे काम लवकर व्हायला हवे.

वऱ्हाडात आजही विहीर खणताना, शेततळे काढताना, रस्ता रुंद करताना घडीव दगड निघतात. ज्यांच्या हातून ते निघतील त्यांना एवढीच विनंती : दगड किंवा मूर्ती लगेच उचलू नका, धुऊ नका, शेंदूर लावू नका. आहे त्या जागी, आहे त्या दिशेने तिची छायाचित्रे काढा, खोली मोजा आणि तहसील कार्यालयाला व पुरातत्त्व विभागाला कळवा. १८७८ चा कायदा अजून लागू आहे, आणि पूजा एक दिवस उशिरा सुरू झाली तरी चालते.